पियानोचा आवाज वाटेंत कोठें हरवतो?

आमच्या शाळेच्या प्रार्थनामंदिरांत तीस वर्षांहून अधिक काळ ज्या बाईंनीं आधीं बाजाची पेटी व मागाहून पियानो वाजविला, त्या गेल्या नाताळापूर्वीं सेवानिवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशीं त्यांनीं आपल्या आवडीचीं पांच गीतें एकामागून एक वाजविलीं. तीं कायमचीं शाळेपाशीं राहावींत म्हणून इयत्ता दहावींतील दोघां विद्यार्थ्यांनीं ध्वनिमुद्रणाची सर्व सिद्धता मोठ्या उत्साहानें केली होती. डिजिटल पियानो शाळेचा, ऑडिओ इंटरफेस एका पालकांनीं विश्वासानें दिलेला, आणि लॅपटॉप कचेरींतून मागून आणिलेला. समारंभ झाला, हारतुरे झाले, डोळे पुसून झाले. आणि संध्याकाळीं सर्वजण ऐकावयास बसले तेव्हां यंत्रांतून जो आवाज निघाला, तो भिंतीपलीकडे एखादा डास गुणगुणत असावा इतका बारीक होता.

मुलांनीं लॅपटॉपचा आवाज शेवटपर्यंत चढविला. मग इंटरफेसवरील सर्वांत मोठें बटण फिरविलें. मग सॉफ्टवेअरमधील सरकती पट्टी वर नेली. आवाज वाढला खरा. परंतु त्याबरोबर तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी एक सळसळ वाढली, आणि पियानो तर पत्र्याच्या डब्यांत ठेवून वाजविल्यासारखा पोकळ ऐकूं येऊं लागला. जमलेल्यांपैकीं एका जाणत्या गृहस्थांनीं लागलीच निदान केलें कीं, इंटरफेस हलक्या प्रतीचा आहे, नवा घ्यावा. हें चोर सोडून संन्याशाला फांशीं देण्यासारखें होतें. इंटरफेस निर्दोष होता, पियानोही निर्दोष होता. दोष होता तो दोहोंमधल्या हातभर केबलींत.

तो दोष कसा हुडकावा, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे. आतां पुष्कळ घरांतून डिजिटल पियानो आलेले आहेत. संगीताच्या कांहीं परीक्षाही मुद्रित केलेल्या वादनावर घेतल्या जातात. आणि मुद्रण बारीक आलें कीं मूल हिरमुसतें व पालकांच्या खिशास कात्री लागते. बहुतेक वेळां ती कात्री लागण्याचें कांहीं कारण नसतें.

प्रथम ही वाट कशी आहे तें पाहूं. डिजिटल पियानोंत तारा नसतात. पट्टी दाबली म्हणजे बहुधा खऱ्या पियानोवरून पूर्वींच साठवून ठेविलेला नाद विजेच्या रूपानें जागा होतो. ती वीज केबलींतून इंटरफेस या लहानशा पेटींत येते. तेथें ‘गेन’ नांवाच्या बटणानें तिचें बळ जरूर तेवढें वाढवितां येतें. नंतर ती पेटी सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० वेळां त्या विजेचें माप घेऊन मापांचे आंकडे संगणकाकडे धाडते. हे आंकडे लिहिले गेले कीं मुद्रण झालें. यापुढें जें कांहीं होतें तें केवळ ऐकण्यासाठीं होतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं जीं तीन साधनें फिरविलीं, तीं तिन्ही आंकडे लिहिले गेल्यानंतरच्या वाटेवरचीं होतीं. इंटरफेसवरील सर्वांत मोठें बटण पुष्कळदां हेडफोनकडे अथवा स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाचेंच असतें, मुद्रणाचें नव्हे. आणि मुलांचा हात नेमका मोठ्या बटणाकडे आधीं जातो, हा आमचा अनुभव आहे.

ध्वनि अपुरा पडण्याचा हा रोग नवा नाहीं. १९०२ सालीं कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीसाठीं गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां त्या कामांत वीज मुळींच नव्हती. गायिकेनें कर्ण्याच्या तोंडाशीं मोठ्यानें गावें, आणि तिच्या आवाजाच्या जोरानेंच सुईनें मेणांत रेघ कोरावी, अशी ती योजना होती. पियानो तर त्या कर्ण्यास कधीं नीटसा मानवलाच नाहीं. १९२५ पासून विजेवर चालणारें मुद्रण रूढ होऊं लागलें, व क्षीण आवाज पुष्ट करण्याची सोय हातीं आली. पण सोयीच्या पाठोपाठ एक भ्रमही आला. तो असा कीं, आवाज किती का बारीक येईना, मागाहून वाढवितां येतो.

हा भ्रम अर्धा खरा आहे, म्हणूनच तो लवकर सुटत नाहीं. त्यासाठीं थोडें गणित पाहिलें पाहिजे. आवाजाचें बळ डेसिबल या मापानें मोजतात. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नांवावरून हें नांव पडलें. विजेचा दाब दुप्पट झाला म्हणजे सुमारें ६ डेसिबल वाढले, व दसपट झाला म्हणजे २० डेसिबल वाढले, एवढें ध्यानांत ठेवावें. संगणकाच्या मापनपट्टीवर ० ही छताची खूण असते व त्याखालच्या सर्व पायऱ्या उणे असतात. समजा, वादनांतील सर्वांत जोराचा स्वर उणे ४० पर्यंतच पोहोंचला. म्हणजे तो छताच्या शंभराव्या हिश्श्याइतकाच उंच गेला. जुन्या १६ बिटांच्या पद्धतींत मापाच्या एकंदर पायऱ्या ६५,५३६ असतात. त्यांपैकीं आपल्या वांट्यास सुमारें ६५५ आल्या, आणि एवढ्याशा पायऱ्यांवर पियानोचा नाजूक नाद उभा करणें कठीण. पण आजचे इंटरफेस २४ बिटांचे असतात. त्यांत पायऱ्या १,६७,७७,२१६ असल्यानें शंभरावा हिस्साही १,६७,७७२ भरतो, म्हणजे १६ बिटांच्या सबंध जिन्याहून अधिक. सबब नुसतें बारीक आलेलें मुद्रण २४ बिटांचें असेल तर तें मागाहून वाढविलें असतां पुष्कळ अंशीं सुधारतें. वाढते ती केबलीची व यंत्राची सळसळ, कारण ती आवाजाबरोबरच आंत आलेली असते.

मग आमच्या बाईंचें वादन कां सुधारलें नाहीं? कारण तें नुसतें बारीक नव्हतें, तें लंगडें झालेलें होतें. या दोन रोगांतील भेद ओळखणें, हें या सर्व प्रकरणांतील मुख्य काम होय. ओळखण्याची रीत सोपी आहे. मुद्रण वाढवून ऐकावें. पियानो पूर्ण, भरदार पण सळसळीसह ऐकूं आला, तर आवाज केवळ कमी आला होता. पियानो पोकळ, पातळ, दूर कोठेंतरी नळींतून आल्यासारखा वाटला, तर त्यांतील कांहीं भाग वाटेंतच नष्ट झाला आहे, व तो कोणत्याही बटणानें परत येणार नाहीं.

नष्ट कसा झाला, तें आतां सांगतों. हेडफोनच्या जॅकचें टोंक निरखून पाहिल्यास धातूवर दोन काळ्या रेघा दिसतील. त्या रेघांमुळें जॅकाचे तीन भाग होतात. टोंकाचा भाग डाव्या कानाचा, मधला उजव्या कानाचा, आणि मागचा दोघांचा सामाईक. इंटरफेसला चालणाऱ्या एका प्रकारच्या केबलीचा जॅकही हुबेहूब असाच, दोन रेघांचाच असतो. परंतु त्याचा अर्थ निराळा. तेथें डावें-उजवें नसतें. एकच आवाज दोन तारांतून धाडलेला असतो, एकींत सुलटा व दुसरींत उलटा. वाटेंत दोन्ही तारांवर सारखीच खरखर चढते. इंटरफेस एकींतून दुसरी वजा करतो. सारखी असलेली खरखर वजाबाकींत जाते व उलट-सुलट असलेला आवाज दुणावतो. युक्ति मोठी सुंदर आहे. लांबलांबच्या तारांतून आवाज नेणाऱ्यांस ती वरदानच ठरली.

आमच्या विद्यार्थ्यांनीं दोन्ही टोंकांस दोन रेघांचा जॅक असलेली केबल घेतली. तिचें एक टोंक पियानोच्या हेडफोनच्या भोंकांत व दुसरें इंटरफेसच्या एका भोंकांत खोंचलें. दोन्हीकडे जॅक घट्ट बसला. मग शंका कोणास यावी? पण आंत काय झालें पाहा. पियानो डाव्या कानाचा व उजव्या कानाचा आवाज पाठवीत होता. इंटरफेस नेहमींच्या इमानानें एकांतून दुसरा वजा करीत होता. जमेस शंभर व खर्चास शंभर मांडले तर शिल्लक काय राहणार? दोन्ही कानांत जें जें सारखें होतें, तें तें सर्व वजा झालें. आणि पियानोच्या नादाचा गाभा दोन्ही कानांत बहुतांशीं सारखाच असतो. उरली ती डाव्या-उजव्यांतली तफावत, म्हणजे नादाची केवळ सालपटें. मुलांनीं तींच मुद्रित केलीं, व आम्ही सर्वांनीं तींच ऐकलीं.

यावर उपाय म्हणजे वाय अक्षराच्या आकाराची केबल. तिच्या एका टोंकास दोन रेघांचा एक जॅक असतो, तो पियानोच्या हेडफोनच्या भोंकांत जातो. दुसरीकडे तिला दोन फाटे असून प्रत्येकाच्या टोंकास एकाच रेघेचा जॅक असतो. एक फाटा इंटरफेसच्या पहिल्या भोंकांत व दुसरा दुसऱ्या भोंकांत घालावा. किंमत नव्या इंटरफेसच्या मानानें अगदीं क्षुल्लक. यामाहाच्या पी-४५ सारख्या ज्या नमुन्यांस ‘लाइन-आउट’ची वेगळी भोंकें नाहींत, त्यांच्या मालकांस हाच मार्ग आहे. कांहीं पियानोंचें भोंक लहान, मोबाइलच्या हेडफोनएवढें असतें. तेव्हां केबल विकत घेण्यापूर्वीं तें पाहून घ्यावें. ज्या पियानोस ‘लाइन-आउट’चीं दोन भोंकें असतात, त्यांच्यासाठीं एका रेघेच्या जॅकच्या दोन साध्या केबली पुरतात. एकच केबल असेल तर डाव्या बाजूच्या ज्या भोंकाजवळ ‘मोनो’ असेंही लिहिलेलें असतें, त्यांत ती घालावी. म्हणजे बहुतेक पियानो दोन्ही बाजूंची बेरीज करून देतात. उजव्या भोंकांत एकटी केबल घातली तर अर्धाच पियानो हातीं लागतो.

केबल ठीक झाली, आतां आवाज किती घ्यावयाचा? येथें क्रम महत्त्वाचा आहे. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? म्हणून प्रथम पियानोवरील आवाजाचें बटण तीन-चतुर्थांशापर्यंत वर न्यावें. हेडफोन लावला कीं पियानोचे स्पीकर बहुधा बंद होतात, त्यामुळें तें बटण खालीं राहिल्याचें ध्यानांतच येत नाहीं. रात्रीं घरच्यांची झोंपमोड नको म्हणून कमी केलेलें बटण सकाळीं तसेंच राहतें. ‘लाइन-आउट’ हें कांहीं पियानोंत या बटणाच्या ताब्यांत असतें, कांहींत नसतें. सोबतच्या माहितीपुस्तिकेंत तें लिहिलेलें असतें, आणि ती पुस्तिका बहुधा खोक्यांतच न उघडतां पडून असते.

त्यानंतर इंटरफेसवरील गेन अगदीं कमी करून, गीतांतील सर्वांत जोराची जागा खरोखर जोरानें वाजवीत, तें सावकाश वाढवावें. मुलें तपासणीच्या वेळीं लाजत लाजत हळू वाजवितात व खऱ्या वेळीं आवेशानें वाजवितात, ही गोष्ट मापन करणाऱ्यानें विसरूं नये. सर्वसाधारण वादन उणे १८ च्या आसपास आणि जोराचे स्वर उणे १२ ते उणे ६ यांच्या दरम्यान राहिले म्हणजे उत्तम. ० ला स्पर्श होऊं देऊं नये. जुन्या टेपवर आवाज थोडा अधिक गेला तर ती तो कांहींसा सोसून घेई. आंकड्यांच्या मुद्रणांत छताच्या वर कांहीं नाहीं, तेथें पोहोंचलेल्या लहरीचा माथा सपाट कापला जातो व कानास ती चरचर टोंचते. बारीक मुद्रणाचा धसका घेऊन गेन शेवटपर्यंत पिळणाऱ्यांची गत अशीच होते.

इंटरफेसच्या भोंकाजवळ बहुधा ‘लाइन’ व ‘इन्स्ट’ असे दोन पर्याय देणारें बटण असतें. पियानोसाठीं ‘लाइन’ निवडावें. दुसरा पर्याय गिटारसाठीं आहे, व तेथें पियानोचे जोराचे स्वर चटकन फाटतात. मायक्रोफोनसाठीं असलेली ४८ व्होल्टची वीज या कामीं लागत नाहीं, ती बंद ठेवावी. कांहीं इंटरफेसच्या मागील बाजूस गेनचें बटण नसलेलीं ‘लाइन’चीं भोंकें असतात. तीं पुष्कळदां ध्वनिमुद्रणशाळांतील यंत्रांच्या मापास धरून केलेलीं असतात. त्या मापाचा दाब १.२३ व्होल्ट, आणि घरगुती वाद्यांचें रूढ माप सुमारें ०.३२ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ चौपटीचा, १२ डेसिबलांचा फरक. तेथें लावलेला पियानो बारीक येणारच. शक्य तर पुढच्या, गेन असलेल्या भोंकांत लावावा. नाहींतर तेवढी तूट मागाहून भरून काढावी, नाद पूर्ण असल्यामुळें बिघडत कांहीं नाहीं.

आवाज एकाच कानांत येत असेल तर पियानोस दोष न देतां सॉफ्टवेअरकडे पाहावें. दोन भोंकांतून आलेल्या दोन पट्ट्यांपैकीं एक पूर्ण डावीकडे व एक पूर्ण उजवीकडे ठेवावी लागते, आणि दोहोंचें गेन सारखें असावें लागतें. घूं असा अखंड नाद येत असेल तर लॅपटॉपच्या चार्जरची केबल क्षणभर काढून पाहावी; पुष्कळ वेळां घरभर शोधलेला चोर तेथेंच सांपडतो. ज्या पियानोंतून यूएसबीच्या केबलीनें थेट आंकड्यांच्याच रूपांत आवाज संगणकाकडे जातो, त्यांस गेनची ही यातायात पडतच नाहीं. मात्र यूएसबीचें भोंक असलेला प्रत्येक पियानो तसा नसतो. कित्येक पियानो त्या केबलींतून आवाज न पाठवितां कोणती पट्टी किती जोरानें दाबली एवढीच खबर पाठवितात. त्या खबरीस मिडी म्हणतात, व ही पद्धत १९८३ पासून चालत आलेली आहे.

एक तक्रार पालकांकडून विशेष येते. सर्व कांहीं नीट करूनही मुलीचें वादन बाजारांतील गीतांपुढें हळूच वाटतें, असें ते म्हणतात. हा रोग नव्हे. बाजारांत येणाऱ्या गीतांतील हळू व जोराच्या स्वरांमधलें अंतर मुद्दाम कमी करून, मग सगळें गीत छतापाशीं नेलेलें असतें. मुलीच्या वादनांत हळू तें हळू व जोराचें तें जोराचें राहिलेलें आहे, एवढाच याचा अर्थ. ऐकण्याचें बटण थोडें वर करावें, गेनला हात लावूं नये.

जानेवारींतील एका शनिवारीं बाई आमच्या विनंतीस मान देऊन पुन्हां शाळेंत आल्या. त्याच दोघां विद्यार्थ्यांनीं तोच पियानो व तोच इंटरफेस नव्या फांटेवाल्या केबलीनें जोडला. पियानोचें बटण, गेन, मापनपट्टी असें क्रमानें पाहिलें. बाईंस सर्वांत जोराची जागा आधीं दोनदां वाजवावयास सांगितली, आणि त्यांनींही ती निमूटपणें वाजविली. पांचही गीतें मिळून सर्वांत उंच स्वर उणे ९ वर गेला. मुद्रण स्वच्छ व भरदार आलें आहे. तें आतां शाळेच्या संगणकांत ठेविलेलें असून कोणाही विद्यार्थ्यास मागून ऐकतां येईल. त्यांत मुलांचें गाणें नाहीं, बाकांची करकर नाहीं, कीं दारावरच्या कावळ्याची हांक नाहीं. केबलीला फक्त पियानो ऐकूं येतो. त्या गोष्टींसाठीं मायक्रोफोन लावावा लागतो.

निरोपाच्या दिवसाचें फसलेलें मुद्रण आम्ही पुसलेलें नाहीं. त्या दिवशीं तिसऱ्या गीताच्या शेवटीं बाईंनीं मनचे चार स्वर जोडून गीत निराळ्याच रीतीनें संपविलें होतें. जानेवारींत तसें वाजवावें म्हणून विचारलें तेव्हां, आपण तेव्हां काय वाजविलें तें आतां आठवत नाहीं, असें त्या म्हणाल्या. ते चार स्वर त्या बारीक, पोकळ आवाजांतच ऐकावे लागतात.